अर्ध्या कांडीचं भूत

"होगु! चल निकल! निघतोस का न्हाय?"

रवळूबाबा ओरडला आणि वडगावातली आमची अख्खी गल्ली श्वास धरून उभी. देवळाच्या कट्ट्यावर माझी बायको रचना हातपाय झाडत पडलेली. बाबानं तिच्या कपाळाला घोड्याची नाल लावलेली. तोंडात कानडी, हिंदी, मराठीची भेळ. भुताला कुठली भाषा येते कुणास ठाऊक, म्हणून तिन्ही.

शेवटचं "निघ!" झालं आणि खरंच तिचे पाय थांबले.

"गेलं गं बाई!" शेजारच्या अंबुबाई आक्कानं हात जोडले. माझ्या आईनं तर बाबाचे पायच धरले.

बाबानं हुकूम सोडला, "एकवीस दिवस गोळ्या बंद. गोळी आणि मी एका घरात ऱ्हात न्हाय."

मग तुमी नका राहू, असं मनात आलं.

रचनाला फिटचा आजार. डॉक्टरीणबाईंनी दोनदा गोळ्या बदलल्या, तरी महिन्यातनं एक-दोनदा पडतेच. तीच म्हणाली, "गोळ्यांनी दिवसभर पेंग येती. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना डोळा लागतोय माझा. बघूया की ओ एकवीस दिवस."

आईनं गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. मी बघितलं आणि तशाच ऱ्हाऊ दिल्या. खरं सांगतो, मलाही वाटलं, जमलं तर? आशा लई वाईट.

तिसऱ्या दिवशी रचना सकाळी पडली, दुपारी परत पडली. एका दिवसात दोनदा, असं आधी कधीच झालं नव्हतं. आई म्हणाली, "भूत चवताळलंय." चौथ्या दिवशी तिनं बाबाला घरी बोलावलं.

बाबा आला. दोन प्लेटी पोहे खाल्ले, हात धुवायला परड्यात गेला. मी घरातल्या मागाच्या धोट्यात नवी सुताची कांडी घातली, माग चालू केला. एक कांडी संपायला तीन मिनिटं. संपली की माग आपोआप थांबतो.

तेवढ्यात रचना पडली.

मी धावलो. डोक्याखाली टॉवेल, कांड्यांची बुट्टी बाजूला. तिला कुशीवर वळवलं.

"चप्पल हुंगव रं नागेंद्र!" आक्का चप्पल घेऊनच आली.

"चप्पल पायात घाला आक्का, आणि भिंतीवरचं घड्याळ बघा."

एक मिनिट वीस सेकंद. पाय थांबले. मी तिचं तोंड पुसलं. ती झोपली.

आता बाबा ओल्या हातानं धावत आला. झोपलेल्या बाईच्या कपाळाला नाल लावून गरजला, "होगु! निघतोस का न्हाय?"

आक्का म्हणाली, "बाबा, ते मगाशीच गेलं की ओ."

आवाज ऐकून दारात जमलेली माणसं फिदीफिदी हसली. बाबा म्हणाला, "माझ्या पायधुळीनंच गेलं!"

मी मोबाईल काढला. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरनं प्रत्येक फिट लिहून ठेवतो. "ह्या तेवीस फिटा. एक मिनिट दहा, दीड मिनिट, एक चाळीस. सगळ्या आपोआप थांबल्या. तवा कुणाची पायधूळ होती?"

बाबाचा डाव तेवढाच. तो तिच्या पायांकडं बघत मंत्र लांबवायचा, पाय मंदावले की शेवटचं "निघ!"

मागाचा खडखडाट चालूच होता. आक्का सगळी हयात मागावर काढलेली बाई. तिकडं बघून म्हणाली, "अगं बया, कांडी अजून संपली न्हाय, म्हंजे भूत अर्ध्या कांडीतच गेलं. एवढ्याशा भुताला एवढा बाबा?"

बाबा नाल घेऊन निघाला. ह्या वेळी घालवायला मंत्र लागला न्हाय.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आधी मला शिव्या, मग गोळ्या कशा सुरू करायच्या ते. पेंगेचंही सांगितलं. म्हणाल्या, "आधी का नाही बोललात? औषध बदलून बघता येतं. बंद नसतं करायचं."

अर्ध्या तासानं रचना जागी झाली. सगळं ऐकून म्हणाली, "एवढी गर्दी होती, तर तोंड कुणी पुसलं माझं?"

"मी."

"मग बास. आता पिठातनं गोळ्या काढा, न्हायतर आत्याबाई भाकरीत थापतील."

आईनं मान खाली घालून स्वतःच डबा आणला.

फिट अजून येते. खोटं कशाला सांगू? पण तुमच्यासमोर कुणी पडलं, तर नाल, चप्पल, कांदा शोधू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना. आणि गर्दी करून उभंच राहायचं असेल, तर एकानं तरी तोंड पुसा.