डॉक्टरांच्या चिठ्ठीचं कानातलं

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी दुकान रिकामं करायचं ठरलं. गवत कापायची मशीनं दुरुस्त करायचं दुकान, घराला लागूनच. दादानं कामं वाटून दिली. हत्यारं त्याच्याकडे, विकण्यासारखे सुटे भाग त्याच्याकडे आणि माझ्याकडे भंगार. "यातलं काही हरवलंस तरी चालेल," तो म्हणाला. आई हसली. मला हसू आलं नाही.

त्यामागे जुनी गोष्ट आहे. मी दहा वर्षांची असताना आईचं एक कानातलं हरवलं. पाच पाकळ्यांचं फूल, मधे लाल खडा. आदल्या दिवशी मी ती जोडी घालून आरशासमोर मिरवले होते, म्हणून खापर माझ्यावर फुटलं. डबीत परत ठेवली होती, हे मी शंभरदा सांगितलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून मी घरातली धांदरट. चाळिशी उलटली, पण या घराची किल्ली अजून कोणी माझ्या हातात देत नाही.

भंगारात बाबांच्या काचेच्या बरण्या होत्या. ही मशीनं गवताबरोबर काय वाट्टेल ते गिळतात. पात्याखाली अडकलेली वस्तू निघाली की बाबा तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचे, ज्याचं मशीन त्याचं नाव लिहायचे आणि बरणीत टाकायचे. मालकानं मागितली की द्यायची. बहुतेक जण मागतच नसत. चमचे, खेळण्यांची चाकं, मुख्याध्यापकांची अर्धी कवळी, सगळं जागच्या जागी होतं.

तिसऱ्या बरणीच्या तळाशी ते कानातलं निघालं. पाच पाकळ्या, लाल खडा, मागची तार वाकलेली. चिठ्ठीवर बाबांचं अक्षर: 'डॉक्टर. विचारलं. आमचं नाही म्हणतात.'

मी ऑइलच्या डब्यावरच बसले. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन बाबा आमच्याच मागच्या गवतावर फिरवून बघायचे. आई कपडे वाळत घालायची तेही तिथेच. डॉक्टरांच्या मशीननं आमच्या गवतातलं कानातलं गिळलं, पोटात बाळगलं आणि पुढच्या खेपेला पुन्हा बाबांच्याच हातात दिलं. बाबांना रस्त्यावरून जाणाऱ्या मशीनचा खोकला ओळखू यायचा, पण बायकोच्या कानात काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि पेट्रोलच्या वासानं डोकं दुखतं म्हणून आई दुकानात पाऊल टाकत नसे. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही बत्तीस वर्षं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले.

आई आत टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी कानातलं तिच्यासमोर ठेवलं आणि कुठे सापडलं ते सांगितलं. तिनं चष्मा लावला, चिठ्ठी दोनदा वाचली. मग कपाटातून डबी आणली. दुसरं कानातलं तिनं जपून ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

"दोरीवरनं उशीचे अभ्रे काढताना कानाला ओढ बसली होती," ती म्हणाली. "तेव्हा लक्षात नाही आलं. रात्री अर्धवट झोपेत उरलेलं काढून डबीत टाकलं, एकच आहे हे कळलंच नाही. म्हणजे मीच."

"हो, तूच."

"दोन दिवस बोलले नव्हते ना तुझ्याशी?"

"आठ."

टॉवेलाची घातलेली घडी तिनं मोडून परत घातली. "चुकलंच माझं," ती म्हणाली. मग दोन्ही कानातली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. "तूच घे. तुझ्याकडे नीट राहतील."

मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून मी दुकानात परत आले. बाबांच्या पक्कडीनं वाकडी तार हळूहळू सरळ केली आणि पुढची बरणी उघडली.

अर्ध्या तासानं आतून हाक आली. "नीट ठेवलीस ना गं ती?"

"कानात आहेत," मी म्हणाले.