सोडलेल्या भाज्या

सांगलीच्या त्या दवाखान्यात तपासणी घेणाऱ्या मुलीचं नाव मयूरी. तिनं घड्याळ लावलं आणि म्हणाली, "मावशी, एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायची. सुचतील तेवढी."

शेजारी अनीश बसला होता, माझा मुलगा. माझ्या घराच्या किल्ल्या त्याच्या खिशात. गेल्या महिन्यात जपाच्या नादात माझ्या हातून दोनदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून त्याचं एकच, "आई, तू विसरायला लागलीस. साताऱ्याला चल." तपासणीत ठीक निघाले तर किल्ल्या परत, असं ठरलं होतं. सातारा काही वाईट नाही, सूनही मायेची आहे. पण रोज पहाटे कृष्णेवर जायचं आणि गणपतीला प्रदक्षिणा घालायच्या, हा नेम मी तिकडे कसा नेऊ?

"भेंडी," मी म्हणाले. "दोडका. मेथी. गवार..."

पुढं अडले. आठवत नव्हतं असं नाही. चौदा वर्षं झाली, दर चातुर्मासात मी एक भाजी देवापुढं कायमची सोडते. आणि सासूबाईंची शिकवण अशी, की सोडलेल्या वस्तूचं नावही तोंडात आणायचं नाही. अनीश येणार असला की मंडईत त्याच्यासाठी तसली भाजी घेताना मी नुसतं बोट दाखवते. भाजीवाली बनुबाई हसते, "आवं काकू, नवऱ्याचं नाव घ्याय लाजल्यागत काय करतासा?"

त्या मिनिटभर एकेक भाजी जिभेवर यायची आणि मी तिला परत पाठवायची. नऊ झाल्या आणि घड्याळ वाजलं.

"नऊच?" अनीशचा चेहरा उतरला. रोज फोडणीला लागते तिचं नाव घेऊन तो म्हणाला, "ती पण नाही आठवली तुला?"

खरं कारण त्याला कसं सांगू? व्रत बोलून दाखवलं की फळ जातं म्हणतात. शिवाय सांगायचं तर नावं घ्यावी लागणार.

मयूरीनं विचारलं, "मावशी, माहेरची भाषा कुठली?"

"कन्नड. अथणीजवळचं गाव."

"माझं आजोळ जतकडं, मला येतं. दोन भाषावाल्यांना दोन्हींत विचारायचं असतं. आता कन्नडमध्ये सांगा."

घड्याळ सुरू झालं आणि मी थेट अव्वाच्या परसात शिरले. बेंडिकाय, हिरिकाय, सवतिकाय... अव्वा, माझी आई, पुढं आणि मी तिच्या मागं, एकेक वाफा. श्वास घ्यायलाही थांबले नाही.

"बावीस!" मयूरी म्हणाली. "मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही."

अनीश हसला, किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि दवाखान्यातूनच साताऱ्याला निघाला.

घरी येऊन कुलूप काढताना माझा हात थबकला. अव्वाच्या परसात कोपऱ्यात ती देठाला काटे असलेली जांभळी होती. तिचं नाव मी घेतलं होतं. बोटांवर मोजलं. बाविसातल्या अकरा सोडलेल्या.

देवापुढं बसले. मराठीत माफी मागावी, तर मराठीत मी काही मोडलंच नव्हतं. कन्नडमध्ये मागावी, तर देवाशी मी कधी कन्नडमध्ये बोललेलीच नाही. आणि ज्यांच्यापायी नेम मोडला, त्याच किल्ल्यांनी उद्या पहाटे दार लावून मी नेमाला निघणार.

अनीशचा फोन आला, कराडवरून. "आई, जेवलीस का?"

"नाही रे. उपास धरलाय."

"आज कसला उपास?"

"तेच कळत नाहीये," मी म्हणाले.