अडीच पाण्यांवरचा कॅनडा

माझ्या भावाचं, कुंदनचं, विमान कुठवर आलं हे मला आठवडाभर सगळं नवापूर विचारत होतं. जसं काही ते मीच हाकत होते. कुंभवलीच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी यावं, भात टाकावा, जरा ओट्यावर टेकावं, की बाबाचा प्रश्न तयार: "दीपाली, कॅनडा कितीक लांब हाय गो?"

मोबाइलवर बघून मी एकदा सांगितलं होतं, "टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. उडायला पंधरा तास."

बाबाने बोटांवर मोजलं. "म्हंजे अडीच पाणी!"

आमच्याकडे एक भरती किंवा एक ओहोटी म्हणजे एक पाणी, साधारण सहा तासांचं. तेवढ्यात बाबा जाळी टाकून परत येतो. झालं, तो गावभर सांगत सुटला की पुनवेच्या उधाणाला होडी पाण्यात घालू आणि नारळ कुंदन फोडेल.

"बाबा, ता नुसता उडायचा येळ. मधी विमान बदलायचा, ताटकळायचा, पुढं हायवे हाय." पालथ्या घड्यावर पाणी.

होडी पावसाळाभर वाळूत वर ओढून ठेवलेली. तिला रंग मीच दिला होता, रजा टाकून. उधाणाच्या मोठ्या पाण्याशिवाय ती हलत नाही. हे पाणी हुकलं की अवसेपर्यंत मासेमारी बंद.

पुनवेला दुपारी पाणी होडीला लागलं. माणसं खांदा लावून उभी राहिली. बाबा मात्र नारळ छातीशी धरून रस्त्याकडे बघत होता. तेवढ्यात कुंदनचा फोन आला. मुंबईहून निघालाय, पण चिल्हार फाट्याजवळ ट्रक उलटलाय, गाडी हलत नाही. सातासमुद्रापारून आला आणि दारात अडकला.

"जरा थांबू," बाबा म्हणाला.

थांबलो. माझे पाय भरून आले होते.

"दामूकाका, आता पाणी उतरंल," शेजारचा रूपेश म्हणाला.

तेव्हा बाबाने माझ्याकडे न बघताच नारळ पुढे केला. "घे, तूच फोड. तुला कुठं लांबून यायचा हाय."

मला राग आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं मी इथेच होते, म्हणून कुणाच्या मोजण्यातच नव्हते. नारळ एका फटक्यात फुटला. होडी हलली, तरंगली.

कुंदन पोचला तेव्हा होडी समोर नांगरावर होती आणि वाळू उघडी पडली होती. बाबाने धावत जाऊन त्याच्या गालावरून हात फिरवला. प्रवासाने सुजलेल्या पायांनी तो ओल्या वाळूत उभा होता.

"ताई, लय उशीर झाला का?"

"अर्धं पाणी."

तो हसला, मग गोंधळला. "म्हणजे किती तास?"

बाबाने ते ऐकलं. त्यानंतर कॅनडा किती लांब आहे, हे त्याने मला कधी विचारलं नाही.