सुचेताचं काळं रिव्हॉल्वर

यंदा एक जरी माणूस नको तिथे हसला, तर पुन्हा नाटकाचं नाव काढायचं नाही, असं सुचेताने ठरवून टाकलं होतं. आणि सुचेताने ठरवलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! गेल्या वर्षी जपानमधल्या निशी-कसाईच्या मराठी मंडळात तिच्या नाटकातल्या विधवेने नवऱ्याच्या खुन्यावर रोखली होती पोरांची हिरवी पिचकारी. दुसरं काही मिळालंच नव्हतं. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून मंडळातल्या बायका तिला लाडाने 'पिचकारीबाई' म्हणत, आणि तिला तो लाड मुळीच सोसत नव्हता.

म्हणून या वेळी ती नवऱ्याला, शिरीषला, ओढतच उएनोतल्या नकली बंदुकांच्या दुकानात घेऊन गेली. तिला हवं होतं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्वर, दर खेपेला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो तसलं.

"तो कट्-कट् आवाज झाला ना, की हॉल गार पडतो की नाही बघ!"

म्हाताऱ्या दुकानदाराने काउंटरवर एक लखलखीत सोनेरी नग ठेवला. धातूची नक्कल काळी ठेवायला इथे कायद्याने बंदी आहे, हे त्याने वाकून वाकून समजावलं.

"अगं बाई! हे घेऊन खून करू की बारशाला जाऊ?"

"ते प्लॅस्टिकचं काळं बघ," शिरीष म्हणाला. "स्वस्तही आहे. मंडळाच्या खिशाला झेपेल."

तिने ते उचललं आणि घोडा ओढला. कट्-कट्. शेजारचं गिऱ्हाईक दचकून वळलं.

"हेच," सुचेता म्हणाली.

नाटक होतं दसऱ्यालाच. सकाळी तिने देवासमोर लॅपटॉप मांडला, शिलाई मशीन मांडलं आणि शेजारी रिव्हॉल्वर.

"अगं, खेळणं आहे ते!"

"असू दे. घरात शस्त्र आलंय, ते दसऱ्याला बिनपूजेचं ठेवू होय?" म्हणत तिने कुंकवाच्या ओल्या अक्षता सढळ हाताने वाहिल्या. मग वरवर पुसून ते पिशवीत टाकलं.

संध्याकाळी फुनाबोरीचा हॉल गच्च भरला. शेवटचा प्रवेश. खुनी झालेला सत्यजित, एरवी बँकेतला गरीब प्राणी, खुर्चीत बसला होता. विधवा झालेल्या सुचेताने नेम धरला, घोडा ओढला. हलेना. पुन्हा ओढला. ढिम्म! फटीत सकाळची अक्षता वाळून घट्ट बसली होती. लाल दाणा तिला स्पष्ट दिसला. सत्यजित बिचारा मरायच्या तयारीने डोळे मिटून होता. मागून कुणीतरी खुसखुसलं.

 सुचेताला संताप आला, स्वतःचाच, अगदी डोळ्यांत पाणी आणणारा. तो तिने वाया घालवला नाही. तरातरा पुढे जाऊन तिने रिव्हॉल्वर सत्यजितच्या मांडीवर ठेवलं.

"डोळे उघड. तुला मारून मी मोकळा नाही करणार. माझी लेक आत जागी आहे. तिचा बाप कसा मेला, ते तुझ्या तोंडाने सांग तिला. ऊठ!"

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सत्यजितने डोळे उघडले. चेहरा पांढराफटक, ओठ हलताहेत, पण शब्द फुटेना. पाठ केलेलं मरण हुकल्यामुळे तो खरोखरच थरथरत होता.  विंगेतून शिरीषने पडदा पाडला.

टाळी येईना. सुचेता पडद्याला कान लावून उभी राहिली. पलीकडे कुणीतरी नाक ओढलं, मग आणखी कुणी. तिने नीट ऐकून खात्री करून घेतली. रडत होते.

"चल रे सत्यजित," पदर सारखा करत ती म्हणाली, "नमस्काराला जाऊ."