टिकलीखालचा आकडा

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र होतं. कोणी अंकिताचा खेळ बघायला आलं की डोळ्याशेजारच्या शून्याचा एक व्हायचा. एक झाला रे झाला की अंकिता खांद्यावरची ओढणी सारखी करायची आणि म्हणायची, "या, या! बसा. कुठल्या गावचे तुम्ही? कोणाच्या घरातले?"

एकाचा पुन्हा शून्य व्हायचा.

सुरुवातीला तिला वाटलं, नेट गेलं. दोन महिन्यांनी कळलं की नेट जात नव्हतं, माणूस जात होता.

रोज दुपारी तीनला ती कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला बसायची. परदेशातले गुळगुळीत रस्ते, मागं चाळीस फुटी कंटेनर. तिचा खेळ आणि तिचा आवाज त्याच क्षणी जगभर दिसायचा, ऐकू यायचा. जगात कोणालाही बघता येतं अशी गोष्ट बहुधा कोणीच बघत नाही, पण हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटर नवऱ्याचा, कल्पेशचा. तो मालवाहू जहाजावर फिटर होता, सुट्टीत आला की हाच खेळ खेळायचा. जाताना तिला शिकवून गेला, "तेवढाच वेळ जाईल तुझा." ती राहायची त्या विचुंब्यातल्या नव्या बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट होते आणि पाचांत माणसं. बाकीचे कोणीकोणी घेऊन ठेवलेले, कुलपं लावलेले. दिवसभरात अंकिताशी आपणहून बोलणारी एकच बाई होती, ती लिफ्टमधली. कृपया दरवाजा बंद करा, म्हणायची.

सासूबाईंचा, सखूबाईंचा, जासईहून रोज फोन यायचा. "एकटी काय करतंस गो तिकडं? इकडं ये. माणसांत रव."

जासईला माणसं भरपूर होती. तीन जावा, त्यांची पोरं, येणारंजाणारं. सगळी एकदम बोलायची. अंकिताला तिथं एकच प्रश्न विचारला जाई : चहा किती कप टाकलास? माणसांत राहून गप्प बसण्यापेक्षा रिकाम्या घरात बोललेलं बरं, असं तिला वाटे. पण असलं कारण सासूला सांगायचं कसं?

दिवाळी झाली आणि कल्पेशचा फोन आला.

"आई म्हणते, तू भिंतींशी बोलतेस."

"भिंतींशी कशाला? माणसं येतात बघायला."

"किती?"

अंकितानं डोळ्याच्या चित्राकडं पाहिलं. "असतात दहा-बारा."

"अरे वा! सतरा तारखेला, रविवारी, आम्ही बंदराला लागतोय. चांगलं नेट मिळेल. मी पण बघतो. दहा-बारा असतील तर आईला मी समजावतो. नसतील तर मात्र तू जासईला जायचं, अंकिता. तू एकटी असलीस की मला इथं झोप लागत नाही."

दहा-बारा. तोंडातून गेलेला आकडा, परत घेता येईना. हातात अकरा दिवस.

तिनं चुलतभावाला, धनेशला बोलावलं. त्याचं उरण नाक्याजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो मागं स्टुलावर बसून बघत राहिला. एक आला. अंकिता म्हणाली, "या, या! कुठल्या गावचे?" एक गेला. धनेशनं कपाळावर हात मारला.

"ताई, लग्नघर आहे का हे? पाय धुवायला पाणी पण देशील!"

"मग आलेल्याला विचारायचं नाही? आपल्याकडं विचारलं नाही तर वर्षभर नावं ठेवतात."

"इथं विचारलं तर पळतात. माणूस इथं काचेतून दुकान बघतो तसा बघतो. तू एकदम बाहेर येऊन मनगट धरतेस. तू ट्रकशी बोल. आणि तो आकडा बघूच नकोस, घाबरतेस तू त्याला."

बघायचं नाही म्हटलं की डोळा तिथंच जातो. अंकिता उठली, बेसिनच्या आरशावर चिकटवलेली एक मरून टिकली काढून आणली आणि आकड्यावर लावली.

"झालं," धनेश म्हणाला. "आता सौभाग्यवती झाला तुझा कॉम्प्युटर."

दुसऱ्या दिवसापासून ती ट्रकशी बोलू लागली. पण आकडा झाकल्यावर खोली आणखीच मोठी झाली. शून्य दिसत होतं तेव्हा निदान कोणी नाही एवढं तरी ठाऊक असायचं. आता तेही नाही. बोलता बोलता आवाज पडायचा, मग ती पाणी प्यायची, पुन्हा सुरू.

कंटेनर मागं घ्यायची वेळ आली की मात्र तिला बोल शोधावे लागत नसत. तिचा बाप, काळूराम, जासईच्या कंटेनर यार्डांत ट्रेलर चालवायचा. लहानपणी ती डबा घेऊन जायची आणि गेटाशी उभी राहून बघायची. क्लीनर मागं उभा राहून ओरडायचा आणि पत्र्यावर थापा मारायचा. बाप सांगायचा, "ट्रेलर मागं घेताना उलटं वागायचं, बाय. शेपूट डावीकडं पायजे तर चाक उजवीकडं." बाप जाऊन चार वर्षं झाली होती. आता क्लीनर तीच आणि ड्रायव्हरही तीच. "आन दे... आन दे... डावी मार... आजून... बस्स!" आणि टेबलावर दोन थापा.

चौथ्या दिवशी स्क्रीनवर अक्षरं उमटली, बघणाऱ्या कोणीतरी लिहिलेली. "डावी कमी मारली."

अंकिताच्या ओठांवर गाव आलं, घर आलं, सगळं आलं. तिनं ते पाण्यासारखं गिळलं. खिडकीत चिमणी बसल्यावर हलू नये तशी ती बसून राहिली, आणि ट्रकला म्हणाली, "ऐकलंस? डावी कमी पडली म्हणतात. चल, परत."

परत घेतलं. "आता बरोबर," असं उमटलं. एवढंच. त्या रात्री ती भाजीत मीठ टाकायला विसरली.

शनिवारी धनेशचा फोन आला. "ताई, दुकानात दुरुस्तीला आलेले बारा मोबाईल चालू अवस्थेत आहेत. उद्या तीनला सगळ्यांवर तुझं चॅनल लावून ठेवतो. बारा म्हणजे बारा. दाजी खूश, सासूबाई गप."

सोपं होतं, आणि कोणाला कळलंही नसतं.

"नको रे," ती म्हणाली. "रिकाम्या ताटांची पंगत कशाला मांडायची?"

"मग जा जासईला."

"जाईन."

रविवारी तीनला ती बसली. टिकलीखाली काय आहे ते कल्पेशला दिसत होतं, तिला नाही. ती नेहमीसारखीच बोलली. पावसातला घाट उतरली, एका वळणावर कठडा घासला, स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. शेवटी अरुंद गल्लीतून कंटेनर मागं घ्यायचा होता. "आन दे... आन दे... डावी मार... आजून थोडी... बस्स!" दोन थापा. एका दमात बसला, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून.

अक्षरं उमटली. तोच, डावी कमी म्हणणारा. "ताई, एक विचारू? गाव कोणतं तुमचं?"

अंकिताचा हात टेबलावर तसाच राहिला.

मग ती बोलायला लागली. माहेर जासई, सासर पण जासईच, दोन गल्ल्या सोडून. काळूरामची मुलगी. बाप ट्रेलर चालवायचा. घरापुढं शेवग्याचं झाड होतं, त्याला टेकून तो जेवायचा, कारण घरात बसलं की त्याला गाडी दिसायची नाही. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे कोणी विचारलंच नव्हतं.

"तरीच," असं उमटलं. "मी पण ट्रेलरच चालवतो. बंदराच्या गेटाला गाडी लागलीय, नंबर यायचाय."

तिनं त्याचं गाव विचारलं नाही. सांगायचं असेल तर सांगेल.

खेळ बंद केल्यावर पाचच मिनिटांत फोन वाजला.

"चार," कल्पेश म्हणाला. "मी धरून चार जण होतो. दहा-बारा म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"हं." पलीकडं यंत्रांची घरघर येत होती. "सव्वा तासात चौघांतलं एकही उठलं नाही. मला खालून हाक आली होती, मी पण नाही गेलो. ऐक, मार्चमध्ये येतोय मी. तोवर राहा तिथंच. आईला सांगतो, हिच्याकडं पाहुणे येतात म्हणून."

"आणि किती येतात विचारलं तर?"

"आई पाहुणे मोजत नाही. आणि शेवग्याचं मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

मग नेट खरंच गेलं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक दिवा लागला, बाकी खिडक्या काळ्याच. अंकितानं नखानं टिकली उचकटली. खाली शून्य होतं. खेळ बंद झाल्यावर दुसरं काय असणार, हे तिला कळत होतं. तरी ती थोडा वेळ बघत राहिली. टिकलीचा गोंद संपत आला होता. तिनं ती अंगठ्यानं परत तिथंच दाबून धरली, चिकटेपर्यंत, आणि चहा टाकायला उठली. एक कप.