रान मोकळं

व्याकरण माणसाच्या पुस्तकात असतं तसं वानराच्या घशातही असतं का, या एका प्रश्नापायी नंदिनी जंगलाकाठच्या मोहर्लीला गिरजाबाईच्या घरी येऊन राहिली होती. गिरजाबाई तिची सख्खी आत्या. एक पाय भाषाशास्त्रात आणि दुसरा प्राणिशास्त्रात ठेवून ही पोरगी पीएचडी करत होती, आणि आत्याला त्यातलं एवढंच कळलं होतं की भाची आता वानरांची शाळा घेणार.

मोहफुलं वेचणाऱ्या बायांना वानरांची बोली कुणी शिकवावी लागत नाही. वानर खाकरलं की वाघ आहे. टोपली जागेवर टाकायची आणि वाटेवर एकत्र व्हायचं. वाघ निघून गेला की तेच वानर लांब हूप घालतं. त्याला बाया म्हणतात, रान मोकळं झालं. मगच पुन्हा झाडाखाली वाकायचं. एवढ्याच भरवशावर आत्याचा हंगाम निघायचा, आणि जीवही शाबूत राहायचा.

नंदिनीनं हे आवाज टिपले, लॅपटॉपवर त्यांचे तुकडे केले आणि उलटसुलट जोडून बांबूच्या बेटात टांगलेल्या स्पीकरवरून ऐकवले. जुन्या तुकड्यांतून नवं वाक्य होत असेल, तर तिथं व्याकरण आहे, असं तिचे सर सांगत. वानरं खुळ्यासारखी झाडावर वर-खाली करत, आणि हिला आनंदाच्या उकळ्या फुटत. शहाण्या माणसाला खेळणं मिळालं की तो पोरांपेक्षा पोर होतो.

"जंगलात लबाड हाक देऊ नाई, पोरी," बांबूच्या बेटाजवळ उभी राहून आत्या म्हणाली. "आयकनारे सारे वानरच रायते का?"

नंदिनी हसली. तरी आत्याचा मान राखून तिनं स्पीकर उतरवला आणि घरी आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आत्यासोबत फुलं वेचायला गेली. ऊन झाडांतून खाली उतरलं होतं. वानर खाकरलं. बाया टोपल्या टाकून वाटेवर जमल्या. थोड्या वेळानं हूप ऐकू आली.

"झालं मोकळं," म्हणत आत्या पदर खोचून निघालीसुद्धा, आणि कुड्याच्या झुडपांपलीकडे दिसेनाशी झाली.

नंदिनीनं वर पाहिलं. हूप झाडावरून आलीच नव्हती. ती बांबूच्या बेटातून, जमिनीलगत आली होती. शिवाय हूपेला मागून एक तोकडी खाकर जोडलेली होती. असा जोड कुठलंही वानर देत नाही. तो तिनंच लॅपटॉपवर बसून केला होता, आणि स्पीकर तर घरी पडला होता. वर वानरं शेपट्या ताठ करून बांबूकडे बघत होती. एकही खाली उतरत नव्हतं.

"आत्या, तिकडं जाऊ नको! माघारी ये!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

मग बांबूतून हाक आली. आवाज नंदिनीचा. शब्दही तिचेच, फक्त 'जाऊ नको' आणि 'माघारी' तेवढं गाळलेलं.

"आत्या, तिकडं ये!"

"आली वं, आली," झुडपांपलीकडून आत्या म्हणाली, आणि तिची पावलं बांबूकडे वळली.

नंदिनीनं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता जो शब्द द्यावा, तो बांबूतल्या त्या आवाजाच्याच झोळीत पडणार होता. ती धावली. काट्यांनी ओढणी ओढून घेतली, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. आत्या बांबूला हात लावणार तोच तिनं तिचा दंड धरला आणि फरफटत वाटेकडे आणलं.

आत्या चिडली. "का झालं वं? बोल ना! दातखीळ बसली का?"

नंदिनीनं मान हलवली आणि आत्याच्या तोंडावर घट्ट तळहात दाबला. आत्यानं तिचे डोळे पाहिले मात्र, आणि तीही थिजली. बाया जवळ सरकल्या.

"बोल ना वं, पोरी," बांबूतून आत्याच्या आवाजात कुणीतरी लाडीगोडीनं म्हणालं.