शंभरातले तीन

“हे वाचा साहेब, अन् आता सांगा,” म्हणत बंजारा तांड्यातल्या रूपसिंगनं घडी घातलेला पेपर वामनरावांपुढे टाकला. “मी त उद्या नागपूरले फोन करून नाही म्हनून देतो.”

त्याची बायको पुष्पा ओसरीच्या पायरीवर बसली होती. दहा पावलं चालली तरी तिला धाप लागायची. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. ती बदलायची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. हिच्यासारख्या शंभर जणींचं ऑपरेशन केलं तर तिघी हाती लागत नाहीत. आणि केलंच नाही, तर पाच वर्षांनी निम्म्याच उरतात.

पेपरात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘हृदय शस्त्रक्रियेतील मृत्यू दुप्पट’. दवाखानाही तोच.

वामनरावांनी चष्मा लावला आणि बातमी पार तळाच्या ओळीपर्यंत वाचली. महागाव तालुक्यात तीस वर्षं त्यांनी कृषी सहायक म्हणून काढली होती. पीक कापणीच्या प्रयोगाला शेतातल्या कोणत्या जागी दोरी लावायची, ते आकड्यांच्या तक्त्यावरून ठरायचं. आकडा पडला की वामनराव तिथून हात-दोन हातही हलत नसत. एका साली रूपसिंगच्या वावरात दोरी नेमकी चांगल्या कपाशीवर पडली. उतारा कमी दिसून विमा मिळावा, म्हणून पीक बसलेल्या कोपऱ्याकडं सरका अशा त्यानं नाना विनवण्या केल्या होत्या. वामनराव सरकले नाहीत, तेव्हा वर्षभर तो त्यांच्याशी बोलला नव्हता.

“तुमी कोनाच्या म्हनन्यानं आकडा हालवत नाही,” रूपसिंग म्हणाला, “म्हून आलो.”

“मागच्या साली गेले दोन, औंदा चार. दुप्पट, हे खरं हाय,” वामनराव म्हणाले. “पन खाली पाय, ऑपरेशनं किती झाले? मागं साठ, औंदा एकशे नव्वद. साठातून दोन म्हंजे शंभरात तीनाच्या वर. एकशे नव्वदातून चार म्हंजे शंभरात दोन. मानसं तिपटीनं आली, म्हून मेलेले जास्त दिसून राह्यले. आता दोन-चार मानसांवरून दवाखाना सुधरला असंही छातीठोक सांगता येत नाही. पन बिघडला असं ह्या बातमीतून निघत नाही.”

रूपसिंगनं पेपर उचलून पुन्हा पाहिला. मग पुष्पा बोलली.

“काका, काकूच्या टायमाले बी तुमी असंच सांगतलं होतं न?”

“चूप वं!” रूपसिंग खेकसला.

“बोलू दे तिले,” वामनराव म्हणाले.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी वामनरावांच्या बायकोच्या, इंदुताईंच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशनमधून शंभरातले सत्त्याण्णव घरी येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. इंदुताईंनी नवऱ्याला विचारलं, “तुमी काय म्हंता?” वामनरावांनी कागदावर मांडून दाखवलं आणि करून घे म्हणाले. इंदुताई घरी आल्या नाहीत. मुलगी सुरभी पुण्याहून आली, तेरा दिवस राहिली आणि जाताना एवढंच म्हणाली, “बाबा, आई म्हणजे तुम्हाला आकडाच वाटली.” आता ती दर रविवारी फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. बाकीचे सहा दिवस घरात कुणाचा आवाज नसे. तेव्हापासून वामनरावांनी कुणाला कसला हिशेब सांगितला नव्हता.

“हो, सांगतलं होतं,” ते म्हणाले. “आज इचारलं तरी तेच सांगीन.”

“मंग काकू काहून गेली?”

“शंभरातून तीन जातीन, एवढंच आकडा सांगते. ते तीन कोन, ते त्याले मालूम नसते.”

“मंग चुकलं कोनाचं?”

“कोनाचंच नाही. हे मले पाठ हाय, पुष्पा,” वामनराव म्हणाले. “पन घरात कोनी नसलं, का पाठ केलेलं आठवत नाही.”

वामनराव चष्मा काढून धोतरानं पुसू लागले.

“एक चुकलं माहं,” ते म्हणाले. “मी तिले आकडा समजावला. भेव वाटते का, हे इचारलंच नाही. तुले वाटते?”

“लय,” पुष्पा म्हणाली. “मरायचं भेव नाही एवढं. तिथं मी एकटीच असीन. गुंगीत मले आमची तांड्याची गोरबोलीच येईन तोंडात. मी याडी, याडी करीन अन् कोनाले समजनार बी नाही का हे मायले हाका मारून राह्यली.”

याचा आकडा वामनरावांकडे नव्हता. ते उठले, घरातून वही घेऊन आले आणि रूपसिंगला म्हणाले, “सांग. तहान लागली कसं म्हंता? दुखते कसं म्हंता?” रूपसिंग सांगत गेला, मधेच पुष्पानं दुरुस्त केलं. एका बाजूला गोरबोली, समोर मराठी, अशी दोन पानं भरली. सगळ्यांत वर त्यांनी लिहिलं, ‘याडी म्हणजे आई’. पानं फाडून त्यांनी रूपसिंगच्या हातात दिली. “नर्सबाईले दे. पलंगाजवळच ठेवा म्हना.”

“म्हंजे जायचं?” रूपसिंगनं विचारलं. पण वामनराव पुष्पाकडे पाहत होते.

“जाते मी,” ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी फोन हातात धरून वामनराव सकाळपासून ओसरीवर बसून होते. सत्त्याण्णवाचा आकडा त्यांनी स्वतःलाच अनेकदा सांगून पाहिला. काही उपयोग झाला नाही. दुपारी चारला फोन वाजला.

“साहेब, बाहेर आनली! डोये उघडले तिनं! नर्सबाईनं कागद पाहून पानी पाजलं!”

“बरं झालं. बरं झालं, रूपसिंग.”

फोन ठेवल्यावर इंदुताईंना सांगायला ते घाईघाईनं आत गेले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तिथं थबकले आणि परत फिरले. वेचणीचे दिवस होते. शेजारच्या घरांना कुलपं होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वामनराव चालत गावाबाहेर आले. पहिल्याच वावरात एक बाई ओटी बांधून कापूस वेचत होती. कोकिळा, गावातलीच, त्यांची तिची फारशी ओळख नव्हती.

“वाचली ते,” वामनराव बांधावरून म्हणाले.

“कोन जी?”

“तांड्यातल्या रूपसिंगची बायको. ऑपरेशन होतं आज.”

“बरं झालं बाप्पा.” कोकिळानं हात न थांबवता विचारलं, “तुमची कोन लागते ते?”

“कोनी नाही लागत,” वामनराव म्हणाले.

तिनं वळून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ती पुढच्या झाडाकडे सरकली. घराकडे न वळता वामनराव बांधावरून खाली उतरले आणि तिच्या शेजारची ओळ धरून बोंडं वेचू लागले. ओंजळ भरली की ते कापूस तिच्या ओटीत टाकायचे आणि पुन्हा ओळीत शिरायचे. उन्हं कलेपर्यंत दोघं वेचत होते.